दगडोबा चपला रुळवतो

डोंगरबोरीत नवी चप्पल आधी मालकाच्या पायात जात नाही. आधी ती दगडोबाच्या पायात जाते. जळकोटच्या बाजारातून कुणी कातडी जोडा आणला, उदगीरहून नवरदेवासाठी मोजड्या आल्या, नाहीतर कुणाच्या पोराला नोकरी लागून बूट घ्यावे लागले, की पिशवी जशीच्या तशी दगडोबाच्या ओट्यावर येते. "तात्या, लई चावायलीय बघा," एवढं सांगून माणूस निघून जातो. आठवड्याने येतो आणि मऊसूत चप्पल पायात घालून परत जातो. पैशांचं कुणी विचारत नाही आणि दगडोबा सांगत नाही. एखादा चहाला बोलावतो, एखादा रामराम घालायचंही विसरतो. कोण कोण विसरलं ते दगडोबाला पाठ आहे, पण त्यांच्याही चपला तो तितक्याच मनाने रुळवतो.

माणूस बुटका, साठी ओलांडलेला, आवाज चिरका. चार एकरांत सोयाबीन आणि तूर, गोठ्यात एक म्हैस, मुलगा दयानंद लातूरला एका क्लासच्या ऑफिसात नोकरीला. यात सांगण्यासारखं काही नाही, गावात अशी शंभर माणसं सापडतील. सांगण्यासारखे आहेत ते त्याचे पाय. सात नंबरचे, पसरट, आणि तळवे असे टणक की ऐन उन्हाळ्यात तापलेल्या मुरमावर अनवाणी उभा राहून तो निवांत तंबाखू मळतो. नवं कातडं त्या पायांपुढे हार मानतं. करडीचं तेल लावायचं, ते मुरू द्यायचं आणि मग ढेकळांतून, बांधावरून, नाल्यातून आठवडाभर चालायचं. जोडा त्याच्या स्वतःच्या मापापेक्षा मोठा असला तर भिजवलेले हरभरे फडक्यात बांधून त्यात ठासून ठेवायचे. हरभरा फुगतो, कातडं सैल होतं. तो हरभरा पुढे म्हशीला जातो आणि म्हशीने आजवर तक्रार केलेली नाही.

यात काय एवढं, असं शहरातल्या माणसाला वाटेल. त्याने एकदा नवा जोडा घालून नांगरलेल्या रानातून पलीकडच्या बांधापर्यंत जाऊन दाखवावं आणि मग बोलावं.

हा उद्योग सुरू झाला तो दगडोबाच्या लग्नात. बायको साखराबाई मुखेडकडची, नवऱ्यापेक्षा वीतभर उंच. अंतरपाट दूर झाल्यावर हार घालण्यासाठी नवरदेवाला पाटावर उभं करावं लागलं, हे गाव अजून सांगतं आणि दर वेळी पाटाची उंची थोडी वाढवतं. माहेरच्यांनी दिलेल्या नव्या चपलांनी नवरीच्या टाचा सोलून निघाल्या होत्या. ती लंगडत उंबऱ्यापाशी आली तेव्हा सासू म्हणाली, "लंगडी सून पदरात पडली की गं बाई." नव्या नवरीने त्यावर काय बोलायचं? दगडोबाही बोलला नाही, कारण आईपुढे बोलायची त्याची छाती नव्हती. पण दुसऱ्याच दिवशी खताच्या रिकाम्या पोत्यात त्या चपला गुंडाळून तो रानात गेला. तिचं आणि त्याचं माप एकच निघालं. काही दिवसांनी त्याने चपला गुपचूप दारात आणून ठेवल्या. साखराबाईने पाय घातले, दोन पावलं चालली, थांबली आणि त्याच्याकडे एकदा बघितलं. त्या एका बघण्यावर दगडोबाने उभा जन्म काढला.

त्याने बायकोला कधी जत्रेतून बांगड्या आणल्या नाहीत, लुगडं चांगलं दिसतं असं कधी म्हटलं नाही. बोलायला गेला की त्याची जीभ टाळूला चिकटायची. पण तिच्या पायाला पुन्हा कधी नवी चप्पल चावली नाही. हे त्याचं प्रेम होतं. त्याला दुसरं काही नाव देण्यात अर्थ नाही.

पुढे साखराबाईला शुगर निघाली. गावातल्या रिकामटेकड्यांना तिच्या नावावरून थट्टा सुचली. सगळ्यांना एकच थट्टा सुचली आणि प्रत्येकाला वाटलं की ती फक्त आपल्यालाच सुचली. गोळ्या चालू झाल्या, कधी घेतल्या, कधी राहिल्या. हळूहळू तिच्या पायांची जाणीव जात चालली होती, पण हे दुखणं आहे असं तिला वाटलंच नाही. उलट ती शेजारणींना कौतुकाने सांगायची, "आता मला काटा मोडला तरी कळत न्हाई. ह्यांच्यावाणीच झाले माझे पाय." मग एकदा तुरीचं धसकट उजव्या अंगठ्यात घुसलं ते खरंच कळलं नाही. घाण वास येऊ लागला तेव्हा कळलं. लातूरच्या दवाखान्यात अंगठा काढावा लागला.

अंगठा गेल्यावर त्याच पायाच्या चवड्याखाली, दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, नवी जखम झाली. मलमपट्टी झाली, सुया झाल्या, जखम काही हटेना. शेवटी लातूरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की ही हाडापर्यंत गेली तर अर्धं पाऊल काढावं लागेल. नांदेडला एक डॉक्टर अशाच पायांवर संशोधन करतात, रुग्णांना खास चपला बनवून देतात, तिकडे जाऊन बघा. दयानंदने फोन करून दिवस ठरवला.

एसटी निघाली. कंधार मागे पडल्यावर साखराबाई म्हणाली, "पाय काढायचं म्हणले तर मी न्हाई काढू द्यायची. मला कुणी उचलून न्यावं, परसाकडं बसवावं, हे मला चालायचं न्हाई. त्याच्यापरीस मेलेलं बरं."

"काय बी बोलतीस," दगडोबा म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला. तिच्या बोलण्याने त्याचा जीव उडाला होता. ती बोलते तसं करते हे त्याला माहीत होतं.

नांदेडचा तो दवाखाना म्हणजे एका इमारतीच्या मागच्या अंगाला दोन खोल्या. भिंतींवर नुसती पावलांची चित्रं. डॉक्टर भार्गवी तिशीच्या, नांदेडच्याच, बोलणं भराभरा. हाताखाली तनुजा नावाची मुलगी. तिने साखराबाईच्या तळव्याला नायलॉनचा बारीक दोरा टोचून विचारलं, "मावशी, कळतंय?" साखराबाई म्हणाली, "टोचा की, मग सांगते." तोवर तनुजाने तिचे दोन्ही तळवे टोचून संपवले होते. मग मऊ फेसाच्या डब्यात पाऊल दाबून तिने साचा घेतला. दगडोबा मान पुढे काढून बघत होता. चपलेसाठी एवढी मेहनत घेणारं माणूस त्याला आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होतं.

"औषधात काही कमी नाही, मामा," डॉक्टर भार्गवी त्याला म्हणाल्या. "जखमेला विसावाच मिळत नाही. चालताना सगळं वजन त्याच जागेवर पडतं, आणि दुखत नाही म्हणून मावशी चालतच राहतात. आपल्याला ते वजन तिथून हलवायचं आहे. अशा चपलांनी जखमा किती भरतात, तेच मी दोन वर्षं बघते आहे."

पुढच्या खेपेला चपला तयार होत्या. खाली जाड रबर, वर कातड्याचे पट्टे, आत काळं मऊ अस्तर. उजव्या चपलेत जखमेच्या जागी एक खळगा होता आणि त्याच्या मागे चांगला हाताला लागेल असा उंचवटा. अंगठ्याच्या जागी नुसतं सपाट. टाचेत बटणाएवढं यंत्र बसवलेलं होतं, चप्पल दिवसातून किती तास पायात होती ते त्यात कळायचं. तनुजाने समजावलं, "आजपासून घरातही हीच घालायची. पण पहिल्या दिवशी तासभर, मग दोन तास, असं हळूहळू वाढवा. नवी चप्पल कुठे लागली तर मावशींना कळणार नाही, म्हणून मामा, तुम्ही लक्ष ठेवायचं."

दगडोबाने मान हलवली. नव्या चपलेचं त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण 'मावशींना कळणार नाही' हे शब्द त्याच्या काळजात रुतले. चप्पल चावत राहील आणि हिला पत्ताच लागणार नाही! परतीच्या वाटेत त्याने मांडीवरच्या चपलेत हात घालून बघितला आणि बोट त्या उंचवट्यावर थांबलं. आत एवढं टेंगूळ? असल्या जोड्याला त्याने एका दिवसात वठणीवर आणलं असतं. शिकल्या-सवरल्या बाईच्या हातून हे कसं राहिलं याचं त्याला नवल वाटलं, पण त्याने तिला मनातल्या मनात माफ केलं. त्या डॉक्टर होत्या, चपला रुळवणं हे काही त्यांचं काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चपला पिशवीत घालून तो रानाकडे निघाला.

"अवं, मला घालायला सांगितल्यात त्या," साखराबाई म्हणाली.

"हळूहळू घाल म्हणल्या न्हाईत का? मग हळूहळूच करून राहिलो की. तू सध्या जुनी घाल."

साखराबाईने जुनी चप्पल पायात सरकवली. या एका कामात नवऱ्याने तिला कधी दगा दिला नव्हता.

त्या चपला त्याने कुणाच्याच रुळवल्या नाहीत इतक्या जिवापाड रुळवल्या. पट्ट्यांना करडीचं तेल पाजलं, थोडं अस्तरालाही. उन्हात ठेवून ते टेंगूळ वरवंट्याने दाबलं, मग चवड्यावर सगळा भार देऊन बांधावर ये-जा केली. टाचेतलं यंत्र आपल्याकडे बघतंय असं त्याला वाटायचं, म्हणून चिखल दिसला की तो वळसा घालायचा. पंधरवड्याने हात फिरवून बघितला तर आत टोचेल, बोचेल असं काही उरलं नव्हतं. चपला त्याने साखराबाईच्या पुढ्यात ठेवल्या. "घाल आता. बिनघोर घाल."

तिने घातल्या आणि पायांतून काढल्या नाहीत. चुलीपाशी चप्पल घालून बसलेली बाई बघून गल्लीतल्या बायकांनी नाकं मुरडली. एकीने तोंडावर म्हटलं, की देवाच्या फोटोसमोर असं शोभत नाही. एरवी कुणाशी चढ्या आवाजात न बोलणारा दगडोबा तिच्यावर खेकसला, "देवाला पाय हाईत, त्याला कळतंय. तुमी आपलं बघा." बाई फणकाऱ्याने निघून गेली. गावात दोन दिवस त्याचीच चर्चा झाली.

महिन्याने नांदेडला पट्टी सोडली तेव्हा डॉक्टर भार्गवींचा चेहरा उतरला. जखम रुंदावली होती, खोल गेली होती. त्यांनी पायाचा एक्स-रे काढायला लावला. अजून हाडाला लागलेलं नव्हतं, पण अंतरही फार उरलं नव्हतं. तनुजाने टाचेतलं यंत्र काढून कॉम्प्युटरला जोडलं. पडद्यावर तासांच्या उभ्या रेघा आल्या, पहिल्या दिवसापासून एकही दिवस रिकामा नव्हता.

"इतकी नियमित तर कुणीच घालत नाही," डॉक्टर भार्गवी खुर्चीत मागे टेकत म्हणाल्या. "म्हणजे माझीच चप्पल चुकली. अंगठा नसलेल्या पायाला ही उपयोगाची नाही, असंच लिहावं लागेल." मग साखराबाईकडे वळून आवाज उतरवून म्हणाल्या, "मावशी, अजून एकदा प्रयत्न करू. पण मी खोटी आशा लावत नाही."

साखराबाईने पदर तोंडाला लावला. दगडोबाला तिचं एसटीतलं बोलणं आठवलं.

तेवढ्यात तनुजाने चपलेचं आतलं अस्तर सुटं करून टेबलावर ठेवलं. शेजारी साखराबाईच्या पावलाचा साचा ठेवला. ती अस्तराचा वास घेऊन म्हणाली, "मॅडम, याला तेल लागलंय." डॉक्टर भार्गवी वाकल्या. त्यांनी उंचवटा शोधला, तो सापडेना. खळगा शोधला, तोही दबून सपाट झालेला. आणि पुढच्या बाजूला, जिथे काहीच उमटायला नको होतं तिथे, एक चांगला खोल गोल ठसा होता.

"मावशी, उजव्या पायाला अंगठा नाही ना तुमच्या?"

"न्हाई की. तुमीच बघून राहिलात."

"मग हा अंगठा कुणाचा?"

जन्मभर दुसऱ्यांच्या चपलांवरून माणसांची चाल ओळखणाऱ्या दगडोबाला हा ठसा ओळखायला वेळ लागला नाही. गप्प बसला असता तरी कुणी त्याचे पाय आणून जुळवून बघणार नव्हतं.

"माझा हाय," तो म्हणाला.

आणि मग त्याने सगळं सांगितलं. तेल, ऊन, वरवंटा, बांध. सांगता सांगता डॉक्टर भार्गवींचा चेहरा बदलत गेला. त्या चिडल्या, आणि त्यांचं चिडणं बरोबरच होतं. "अहो मामा, तो उंचवटाच तर औषध होता! त्याच्यावर वजन पडून जखमेला मोकळीक मिळणार होती. तुम्ही औषध ठेचून सपाट केलंत. आणि पहिला पंधरवडा मावशी जुन्या चपलेवर चालत होत्या!"

दगडोबा खाली बघत राहिला. आपल्याच पायांनी आपण हिचा पाय खाल्ला, असं त्याला वाटलं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेही येईना.

"त्यांना बोलू नका, डॉक्टरीनबाई," साखराबाई एकदम म्हणाली. तिने पदर तोंडावरून काढला होता. "मी बघत होते. मीच घालू दिली. मला चपलीनं चावू न्हाई मनून ह्या माणसानं जलमभर आपले पाय घासलेत. तुमाला काय म्हाईत? दुसऱ्या कुणाच्या नवऱ्यानं केलंय का असं?"

डॉक्टर भार्गवींनी ते अस्तर हातात घेतलं. मग म्हणाल्या, "नाही केलं, मावशी. आणि मीही विचारलं नाही. चप्पल किती तास घातली ते मोजत बसले, कुणी घातली ते विचारायला विसरले." त्यांनी त्याच आठवड्यात तनुजाला बाकीच्या रुग्णांना फोन करायला लावले. किनवटच्या एका म्हाताऱ्याची चप्पल धाकट्या भावाने 'सैल करून' दिली होती. माहूरला देवीच्या गडाच्या पायथ्याशी नारळ विकणाऱ्या बाईची चप्पल आधी सुनेने चार दिवस वापरली होती. सगळ्यांनी मायेपोटीच केलं होतं. तेव्हापासून तिथे चप्पल देताना पहिली सूचना हीच असते, की ही दुसऱ्या कुणीही पायात घालायची नाही आणि तेल लावायचं नाही.

साखराबाईच्या पायाला गुडघ्यापर्यंत खास प्लास्टर घातलं. दर आठवड्याला ते बदलायला नांदेडला जावं लागे. घरी दगडोबाच भाकरी करायचा. त्या भाकरी कशा व्हायच्या ते म्हशीलाही माहीत आहे. तो रोज मनात एकच घोकायचा, पाय राहू दे. देवाचं नाव घ्यायला त्याला लाज वाटत होती, कारण कर्म त्याचं स्वतःचं होतं. आठवड्यामागून आठवडे जखम आकसत गेली. सोयाबीन फुलात आलं तेव्हा प्लास्टर निघालं आणि खाली नुसती गुलाबी कातडी दिसली. साखराबाईने ती आरशात बघितली आणि हात जोडले.

"पाय वाचला, पण धोका गेला नाही," डॉक्टर भार्गवींनी बजावलं. "पुन्हा जखम व्हायच्या आधी ती जागा आतून गरम होते. वरून काही दिसत नाही. म्हणून मामा, रोज सकाळी दोन्ही तळवे बघायचे आणि हात लावून दोन्हींची ऊब सारखी आहे का ते पाहायचं. मावशींना स्वतःला ते जमणार नाही."

तनुजाने त्याचा हात धरून एकदा या तळव्याला, एकदा त्या तळव्याला लावला. "कोणता गरम वाटतो?"

दगडोबाला काहीच वाटलं नाही. औत आणि कोयता धरून त्याचे तळहातही पायांसारखेच झाले होते. हाताची मागची बाजू लावून बघितली, तिथेही तेच. घरात दुसरं कुणी आहे का असं तनुजाने विचारलं. कुणी नव्हतं. मग ती सहज म्हणाली, "लेकराचा ताप आपण गालाला लावून बघतो ना, तसं बघा. गालाला बरोबर कळतं."

साखराबाईने पाय झटकन मागे ओढला. "अगं माय! नवऱ्याचा गाल माझ्या पायाला? हे पाप कुठं फेडू मी?"

"घरी बघतो," दगडोबा पुटपुटला. तो बघणार नाही हे तिघांनाही कळलं.

नव्या चपला त्याने मांडीवर घेऊन आणल्या. हात शिवशिवत होते, पण आत बोट घातलं नाही. साखराबाईने त्या स्वतः घातल्या, तासभर, मग दोन तास, आणि तो ओट्यावर बसून नुसता बघत राहिला. असं रिकामं बसणं त्याला फार जड गेलं. रोज सकाळी ती ओट्यावर पाय सोडून बसायची, कारण घरात उजेड नव्हता. येणारे-जाणारे बघायचे, म्हणून ती लुगडं घोट्यापर्यंत ओढायची. तो खाली बसून तळवे बघायचा, हात लावल्यासारखा करायचा आणि म्हणायचा, "बरं हाय." हातांना काही कळत नाही हे दोघांनाही माहीत होतं.

सोयाबीनच्या काढणीला मजूर मिळेनात. साखराबाई कुणाचं ऐकेना, चार दिवस रानात राबली. पाचव्या सकाळी दगडोबाने तळवा बघितला. कुठे चीर नव्हती, फोड नव्हता. त्याने नेहमीप्रमाणे तोंड उघडलं आणि 'बरं हाय' काही तोंडातून निघेना. एकदा त्याने खात्री नसताना 'बिनघोर घाल' म्हटलं होतं. पुन्हा तसं म्हणायची हिंमत त्याच्यात उरली नव्हती. त्याने इकडेतिकडे बघितलं, तिचा डावा पाय उचलला आणि गालाला लावला.

"अवं, काय करता!" साखराबाई कुजबुजली. "लोक बघतेत!"

तो पाय त्याने खाली ठेवला आणि उजवा उचलला. टाच गार होती. मधला भाग गार होता. चवड्यापाशी, जुन्या जखमेच्या जागी, गालाला स्पष्ट चटका लागला.

"गरम हाय. चल, कपडे बदल."

"चुलीपाशी बसले होते, मनून असंल. रास करायची राहिलीय, उद्या जाऊ."

"रास गेली खड्ड्यात," दगडोबा म्हणाला. त्याने बायकोला एवढ्या जोरात याआधी कधी काही सांगितलं नव्हतं. दुपारी दोघं नांदेडला होती.

डॉक्टर भार्गवींनी यंत्र लावून ऊब मोजली. दोन्ही पायांत चांगला फरक होता. आत सुजेला सुरुवात झाली होती, वर अजून काही आलं नव्हतं. आणखी थोडे दिवस चालली असती तर पुन्हा जखम उघडली असती, आणि या वेळी प्लास्टरने भागलं नसतं. त्यांनी चपलेतला उंचवटा थोडा मागे सरकवला, पंधरा दिवस घरात बसायला सांगितलं आणि म्हणाल्या, "मामा, अगदी वेळेवर आणलंत. हाताला कळलं?"

दगडोबा वरच्या पंख्याकडे बघू लागला. बाहेरच्या बाकांवर दहा-बारा माणसं बसली होती आणि दार उघडं होतं.

"हाताला न्हाई," साखराबाई खणखणीत आवाजात म्हणाली. "गाल लावतेत माझ्या पायाला. रोज लावतेत."

रोज कुठला? एकदाच लावला होता, तोही त्याच दिवशी सकाळी. पण नवऱ्याची बढाई मारायची संधी तिला उभ्या संसारात पहिल्यांदाच मिळाली होती, आणि ती तिने पुरेपूर मारून घेतली. बाकांवरच्या बायका आपापल्या नवऱ्यांकडे बघू लागल्या. दगडोबाचे कान तापले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साखराबाई ओट्यावर येऊन बसली. चपला काढल्या, लुगडं घोट्यावर ओढायचं राहिलं की तिने ओढलं नाही, कोण जाणे. उजवा पाय तिने आपण होऊन पुढे केला. "बघा."

दगडोबा खाली बसला. त्याच वेळी दूध गोळा करणारा बजरंग मोटारसायकलवरून गल्लीत आला आणि समोरचा प्रकार बघून त्याने गाडीच बंद केली. दगडोबाने तळव्याला गाल लावला. तसाच, मान न उचलता, तो बजरंगला म्हणाला, "काय बघायलास? म्हैस मागं बांधलीय. जा, दूध घे."

बजरंग कॅन घेऊन गोठ्याकडे गेला.

"गार हाय," दगडोबाने बायकोला सांगितलं.

साखराबाईच्या तळव्याला काहीच कळत नव्हतं. तरी तिने पाय लगेच काढून घेतला नाही.